चौकोनी लाटेचा कोपरा

सूनबाईने बाथरूमच्या दारात उभं राहून कपाळाला हात लावला. आत सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, डाव्या हातात रंग द्यायचा मऊ ब्रश. समोर बादलीत कपडे असते तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण समोर होतं चाळीस किलोचं विजेचं यंत्र, वरचं कवच काढून उघडंबोडकं केलेलं, आणि सासूबाई त्याच्यावर झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने साबणाचं पाणी उडवत होत्या. मजेत. गुणगुणत.

सूनबाईने सासऱ्यांना हाक मारली. सासरे म्हणजे निवृत्त शिंपी, उभ्या आयुष्यात बायकोच्या यंत्राला बोट न लावलेला शहाणा माणूस. त्यांनी चष्मा वर केला, आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "घासू दे. लग्न झालं तेव्हा मीही असाच बोंबललो होतो."

मग त्यांनी सुनेला समजावलं की कारखान्यात ही यंत्रं अशीच धुवायचे. जी दोन-तीन वेटोळी पाण्याला घाबरतात ती आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, बाकीच्याला खुशाल आंघोळ. यंत्र बांधणाऱ्यानेच तशी सोय ठेवली होती. धुळीत वीज भरकटते, म्हणून धूळ गेली पाहिजे. सूनबाईला हे अजिबात पटलं नाही, पण ती हात टेकून स्वयंपाकघरात गेली.

सासूबाईंना कारखान्यात सगळे रेघबाई म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

यंत्र होतं ऑसिलोस्कोप. व्हॉल्व्हवर चालणारा, म्हणजे आत काचेच्या लहान लहान नळ्या, एकूण पंचेचाळीस, तापल्या की निखाऱ्यासारख्या लालसर दिसणाऱ्या. समोर गोल हिरवा पडदा. तारेतून वीज कशी जाते, सरळ की थरथरत, हळू की धाडकन, ते या पडद्यावर रेघेने दिसतं. कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली होती. हा स्कोप मंगळवारी त्यांच्या घरी आला, साहेबांच्या मुलीने आणला.

साहेब म्हणजे या यंत्रातली तार न् तार ज्यांनी कागदावर आखली ते. आता वय शहाऐंशी. डोळ्यांच्या बरोबर मधोमध धुकं साचलेलं, फक्त कडेकडेचं दिसायचं. रविवारी चार वाजता गाडी येणार होती आणि साहेब कायमचे मुलीकडे राहायला जाणार होते, दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर. जाताना त्यांनी एकच हट्ट धरला: आपला एक स्कोप चालू झालेला बघायचा. मुलीने शोध शोध शोधून एका कॉलेजच्या अडगळीतून, मोडक्या बाकांच्या खालून हा काढला. आणि साहेबांनी सांगितलं होतं की हा जिवंत करणारी एकच बाई आहे.

रेघबाईंनी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. मुलगी जिना उतरून गेली आणि मग दार लावताना त्यांना भीती वाटली.

यंत्राची भीती नव्हती. रविवारी साहेबांसमोर उभं राहायचं होतं, आणि साहेबांना सांगायची एक गोष्ट चाळीस वर्षं घशात अडकून होती. खरं तर दोन गोष्टी. एक कबुली आणि एक आभार. पहिली सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येत नव्हती, म्हणून दोन्ही राहिल्या. आता रविवार चुकला की संपलंच.

झालं होतं असं. रेघबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. वडील वारलेले, आई खचलेली, दोन धाकटे भाऊ शाळेत, आणि घरात पगार एवढा एकच. कारखान्यात त्या सोल्डरिंगच्या, म्हणजे तार वितळवून जोड डाखायच्या बाकावर होत्या. या स्कोपमध्ये सगळे जोड चिनी मातीच्या पट्ट्यांवर असतात. पट्टीला दातांसारख्या खाचा, आणि खाचेला आतून चांदीचा पातळ मुलामा. म्हणून सोल्डरची तारही चांदी घातलेलीच लागते. साधी वापरली तर ती मुलाम्यातली चांदी खाते. हळूहळू खाते, लबाडासारखी. वरून जोड असा चकचकीत दिसतो की काय विचारता.

चांदीची तार महाग, म्हणून स्टोअरमध्ये कुलपात असायची आणि मोजून मिळायची. महिन्याचा शेवटचा दिवस होता. अकरा स्कोप संध्याकाळपर्यंत पुढच्या बाकावर जायचे होते आणि रेघबाईंची तार दुपारीच संपली. स्टोअरवाला लवकर घरी गेलेला. शेजारच्या बाकावर रेडिओच्या कामाची साधी तार भरपूर पडली होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ती उचलली.

सहा महिन्यांनी ते स्कोप एकामागून एक परत यायला लागले. जोड खाचेतून सुटून दुधाच्या दातांसारखे हलत होते. साहेबांनी बाकावरच्या नऊ मुलींना उभं केलं आणि विचारलं, साधी तार कोणी वापरली? एकदा नाही, तीनदा विचारलं. रेघबाईंनी चकार शब्द काढला नाही. त्यांना आजही आठवतं, त्या वेळी त्या साहेबांच्या बुटाच्या नाडीकडे बघत होत्या.

पुढे काय झालं, तर काहीच नाही. नोकरीवरून कोणी गेलं नाही. पंधरा दिवसांनी स्टोअरचं कुलूप निघालं आणि तार बाकावर उघड्यावर आली. महिन्याभराने नवं ड्रॉइंग आलं: यापुढे प्रत्येक स्कोपच्या आत, बाजूच्या भिंतीवर, चांदीच्या तारेचं एक छोटं रीळ बसवायचं. यंत्र जगात कुठंही बिघडो, उघडणाऱ्याला योग्य तार हाताशीच मिळावी. आणि रेघबाईंना सोल्डरिंगवरून उचलून थेट डिले लाइनच्या बाकावर बसवलं. तिथे कारखान्यातले सगळ्यात भरवशाचे हात बसायचे.

साहेबांना कळलं होतं? नव्हतं? रेघबाईंनी चाळीस वर्षं हे कोडं उशीखाली घेऊन झोप काढली.

बुधवारी धुतलेला स्कोप त्यांनी शिंपीबुवांच्या कपाटात वाळत ठेवला. आत दोन शंभर वॅटचे बल्ब लावले, दार फटीपुरतं उघडं. शिंपीबुवांचा आयुष्यातला एकमेव सूट, स्वतः शिवलेला, पलंगावर येऊन पडला. ते म्हणाले की तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी दोन बल्ब लावले नाहीस. रेघबाईंनी उत्तर दिलं की तुम्हाला कधी एवढं घासूनही काढलं नाही. सूनबाईला हसू आवरेना, आणि तिथून तिचा विरोध मावळला. शुक्रवारी ती स्वतःच येऊन कपाटात हात घालून ओल बघून गेली.

शनिवारी सकाळी रेघबाई कामाला बसल्या. आत नजर टाकली आणि त्यांना क्षणभर भरून आलं. बाई गं, काय बांधणी. प्रत्येक व्हॉल्व्हच्या खोबणीपाशी त्याचा नंबर छापलेला. पट्ट्या अशा अंतरावर की सोल्डरिंगची तापलेली सळई शेजारच्या तारेला न चाटता आत जाईल. कुठलाही भाग काढायला दुसरा भाग काढावा लागत नाही. पुढे कधीतरी कोणीतरी हे उघडेल, त्याची बोटं दमलेली असतील, दिवा मंद असेल, असा विचार करून कोणीतरी हे आखलं होतं. सूनबाईला त्यांनी जवळ बोलावून दाखवलं. सूनबाई म्हणाली की आपलं स्वयंपाकघर या साहेबांकडून आखून घ्यायला हवं होतं, वरच्या फळीसाठी मला रोज स्टूल लागतं.

बाजूच्या भिंतीवर रीळ होतं. तार तीनच वेढे उरली होती. म्हणजे कॉलेजात कोणीतरी हा स्कोप वेळोवेळी उघडला होता, दुरुस्त केला होता, आणि दर वेळी हीच तार वापरली होती. एकही खाच उखडलेली नव्हती. कोण होता कोण जाणे, रेघबाईंनी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

त्यांनी एक जळका रेझिस्टर काढला आणि त्याच तारेचा अर्धा वेढा वापरून नवा बसवला. चार व्हॉल्व्ह बदलले, ते त्यांच्या स्वतःच्या साठ्यातले, बिस्किटांच्या डब्यात कापसात ठेवलेले. मग वीज दिली, खूप हळूहळू, पायरीपायरीने. अर्ध्या तासाने पडद्यावर हिरवी रेघ उमटली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

पण रेघ म्हणजे अर्धंच काम. खरी गोम डिले लाइनमध्ये.

पडद्यावरचा हिरवा ठिपका धावायला लागतो तो वीज आल्यानंतर. म्हणजे पाहुणा दारात आला की मग आपण कॅमेरा शोधायला उठणार. तोवर पाहुणा आत येऊन बसलेला, आणि त्याने उंबरा ओलांडला तो क्षण हुकलेला. म्हणून साहेबांनी पाहुण्याला जरा लांबच्या वाटेने आणलं. तारेच्या वेटोळ्यांची वळणावळणाची वाट, तीच डिले लाइन. सेकंदाच्या चाळीस लाखाव्या भागाएवढा उशीर, बस. तेवढ्यात ठिपका धावायला लागतो आणि गोष्ट अगदी पहिल्या अक्षरापासून दिसते. अडचण एवढीच की या लांब वाटेवर वीज खडखडते. ती वाट गुळगुळीत करायला चोवीस छोटे स्क्रू असतात, त्यांना म्हणायचं ट्रिमर. ते जुळले की नाही हे बघायला एक चौकोनी लाट आत सोडायची. लाट सरळ वर चढली पाहिजे आणि काटकोनात वळून सपाट झाली पाहिजे. तो कोपरा घडी घातलेल्या रुमालासारखा दिसला, तर बसला.

तो बसवायचं काम रेघबाईंनी सतरा वर्षं केलं होतं. एकाच ट्रिमरला धरून बसायचं नाही, बाकीचे रुसतात. प्रत्येकाला केसभर हलवायचं, पुढे जायचं, परत यायचं. स्क्रू ड्रायव्हर धातूचा चालत नाही, तो जवळ आला की रेघ बिथरते. त्यांच्याकडे जुनी प्लास्टिकची विणायची सुई होती, टोक घासून चपटं केलेलं. शनिवारी दुपारभर त्यांनी तीच फिरवली. संध्याकाळच्या चहापर्यंत कोपरा बसला. शिंपीबुवांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि सांगितलं की कॉलरचं टोक असं काढायला मला दहा वर्षं लागली.

रविवारी दोन वाजता स्कोप साहेबांच्या घरी पोचला. भिंतींवरच्या तसबिरी उतरवलेल्या, खोक्यांवर चिकटपट्ट्या, खोलीत बोललं की घुमत होतं. जेवणाचं टेबल तेवढं उरलं होतं, त्यावर स्कोप ठेवला. साहेब खुर्चीत बसले होते, अंगात प्रवासाचा कोट. रेघबाईंनी बटण दाबलं. यंत्र तापायला वीस मिनिटं लागतात, हे त्या खोलीतल्या दोघांना सांगावं लागलं नाही. तिसरी, म्हणजे साहेबांची मुलगी, घड्याळ बघत आत-बाहेर करत होती.

गरम वार्निशचा वास सुटला. साहेबांनी डोळे मिटून तो घेतला. मग मान वळवून, डोळ्याच्या कडेने, त्यांनी पडद्याकडे पाहिलं. हिरवी लाट तिथे उभी होती. मग त्यांनी एक एक विचारायला सुरुवात केली. पंखा चालतोय ना? चौथा व्हॉल्व्ह तापतो का अजून? त्याच्या जागेबद्दल त्यांना तेव्हाही खात्री नव्हती म्हणे. रेघबाई उत्तरं देत होत्या आणि मनात वाक्य जुळवत होत्या. चाळीस वर्षांत शंभर वेळा घोकलेलं वाक्य ऐन वेळी पार विस्कटलं. शेवटी जसं आलं तसं बोलून टाकलं.

"साहेब, ते परत आलेले अकरा स्कोप माझ्या हातचे होते."

साहेबांनी मान हलवली. "माहीत आहे बाई."

"कसं?" रेघबाईंनी विचारलं.

"तुमच्या जोडाची शेपटी उजवीकडे वळायची," साहेब म्हणाले. "नऊ जणींत डावखुऱ्या तुम्ही एकट्या. भिंगाखाली पहिलाच जोड पाहिला तेव्हा कळलं."

"मग मला एकटीला बोलावून विचारलं का नाहीत?"

"सगळ्यांसमोर तीनदा विचारलं की. तुम्ही माझे बूट बघत होतात." साहेब किंचित हसले, पण लगेच गंभीर झाले. "मी काही थोर नव्हतो हो. चार दिवस नुसता धुमसत होतो. तुम्हाला काढायचं पत्र टाइप करून तयार होतं. पाचव्या दिवशी मलाच नमुना करायला वीतभर तार हवी होती. साडेपाचला स्टोअरमध्ये गेलो, तर कुलूप. स्टोअरवाला गेलेला. आणि त्या कुलपाच्या हुकमावर सही कोणाची, तर माझी."

ते थांबले. बोटांनी टेबलावर, नसलेली तार मोजल्यासारखी, वीत घातली.

"माझ्याही हातात त्या दिवशी साधी तार आली होती, बाई. शेजारच्याच बाकावरची. तापलेली सळई टेकवणार एवढ्यात थांबलो. मग पत्र फाडलं आणि ड्रॉइंग काढायला बसलो. माणूस दमतो, घाईत असतो, घाबरतो. यंत्र ते धरूनच आखायला हवं होतं. चूक आखणीतली होती."

रेघबाई बोलायला लागल्या. मग त्या थांबेनात. त्या पगारावर दोन भाऊ शिकले, हे त्यांनी सांगितलं. आईचं औषधपाणी झालं. डिले लाइनच्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं, कोणाला सहजी येत नाही असं काहीतरी. लग्न ठरताना शिंपीबुवांनी विचारलं, तुम्ही काय करता, तर त्यांनी ताठ मानेने सांगितलं होतं की मी कोपरे बसवते. हे सगळं, घर, मुलगा, सून, म्हातारपणातला हा ताठ कणा, त्या फाडलेल्या पत्रावर उभं होतं आणि त्यांना त्या पत्राचा पत्तासुद्धा नव्हता. "मला तुमचे आभार मानायचे होते साहेब," त्या म्हणाल्या, "पण आधी हे सांगायला लागलं असतं."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या दिशेला धरला, थोडा चुकीच्या दिशेला. रेघबाईंनी हात लांब करून घेतला.

"तुमच्या बाकावरून गेलेला एकही स्कोप परत आला नाही," साहेब म्हणाले. "मीही ते कधी बोलून दाखवलं नाही. फिटंफाट झाली म्हणा."

मुलीने आत येऊन हळूच सांगितलं की गाडी आली. खाली इंजिन घरघरत होतं. साहेब उठतील असं वाटलं, पण त्यांनी हात पुढे केला. "ती सुई द्या. सतरा वर्षं तुम्हाला फिरवताना पाहिलं, मी स्वतः कधी कोपरा बसवला नाही. नुसता कागदावर काढला."

रेघबाईंनी जास्त व्होल्टची बाजू जाड पुठ्ठ्याने आधीच झाकली होती. त्यांनी साहेबांचं मनगट धरून सुई पहिल्या ट्रिमरवर टेकवली आणि हात सोडला. साहेबांचं बोट फिरलं. पडद्यावर कोपऱ्यापाशी टेंगूळ उठलं, चांगलं ठसठशीत.

"बसला का?" साहेबांनी विचारलं. कोपऱ्याएवढं बारीक त्यांना कडेनेही दिसत नव्हतं; नजर पडद्याच्या कितीतरी पलीकडे, खोक्यांवर होती.

खुर्चीमागे उभ्या मुलीने रेघबाईंकडे पाहून मान डोलावली आणि ओठांनीच सांगितलं, हो म्हणा. तिचंही चूक नव्हतं. प्रवास लांबचा होता आणि म्हाताऱ्या माणसाला आनंदात निघू द्यायचं होतं. एवढं सोपं होतं ते. एक शब्द. या खेपेला तर कोणाचं काही बिघडणारही नव्हतं.

रेघबाईंनी साहेबांच्या बुटांकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं.

"नाही साहेब. टेंगूळ आलंय. जास्त फिरवलंत."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "किती?"

"केसभर नाही, चांगलं बोटभर. आता परत घ्या. डावीकडे. हळू. अजून. थांबा."

"आता?"

"आता पुढच्याला हात लावा. पहिला परत बिघडेल, बिघडू दे. त्याच्याकडे नंतर येऊ."

मुलीने दोघांच्या वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. ओठांवर आलेलं काहीतरी तिने गिळलं आणि ती जिना उतरून खाली गेली. साहेबांची सुई दुसऱ्या ट्रिमरवर टेकली. रेघबाईंनी आपली खुर्ची ओढून जवळ घेतली आणि बसल्या. खाली गाडीचं इंजिन बंद झालं.